तंबाखू : ‘पूर्वापार’ या शब्दाची परीक्षा

१/ नांदेड-लातूरकडे पारावर चंची सुटते, तंबाखू तळहातावर चुन्यासह मळली जाते आणि ‘हे तर पूर्वापार चालत आले’ असे ऐकवले जाते. इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

२/ अमेरिकेतले हे पान पोर्तुगीजांमार्फत भारतात आले. १६०४ च्या सुमारास मुघल वकील असद बेगाने ते विजापुरात पाहिले आणि रत्नजडित चिलमीसह अकबरापुढे ठेवले. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने अडवले, ग्रंथांत या पानाचा उल्लेखच नव्हता. सरदारांना मात्र चटक लागली.

३/ पुढे तंबाखूत गूळ-काकवी मिसळून हुक्क्यासाठी गुडाखू कुटणे ही एक कलाच झाली. पण नकारही जवळजवळ तितकाच जुना आहे. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. १६९९ मध्ये खालसा स्थापणाऱ्या गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडलाच देह ठेवला; खालशाच्या मर्यादेत तंबाखू वर्ज्य आहे.

४/ म्हणून माझे मत असे : पानाचा वास, चव, मिश्रणे यांचा इतिहास जरूर अभ्यासावा; परंतु परंपरेचा दाखला देऊन व्यसनाला पाठीशी घालू नये. या मातीत झुरका रुजला, तसा नकारही रुजला. ‘पूर्वापार’ म्हणताना दुसऱ्याचाही उच्चार व्हावा.