गुडघा मल्लाचा, जबाबदारी कोणाची?

कोल्हापूर परिसरात कुस्तीचे मैदान संपले की दुसऱ्या दिवशी चावडीवर आणि चहाच्या गाड्यावर चर्चा होते ती जिंकणाऱ्याची, त्याच्या डावाची आणि इनामाच्या रकमेची. त्याच मैदानात कोणा प्रौढ मल्लाचा गुडघा निखळलेला असतो. दोघांच्या खांद्यावर हात टाकून तो बाहेर पडतो, हलगी पुन्हा वाजू लागते आणि पुढची जोड लागते. त्याचा हंगाम तेथे संपतो. आणि तिशी ओलांडलेल्या मल्लाचा हंगाम संपणे म्हणजे पुष्कळदा त्याची मिळकत कायमची संपणे होय. या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न क्रीडाशौकिनांचा नाही. तो अर्थशास्त्राचा आणि सामाजिक न्यायाचा आहे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण राजाराम कॉलेजचे विद्यार्थी म्हणून कोल्हापूरचेही. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. त्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी संस्थान उरले नव्हते आणि सरकारची तिजोरी उघडत नव्हती. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

पुढचा अध्याय मात्र आपण भाषणांतून गाळतो. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकची आकांक्षा खाशाबांनी बाळगली होती. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती संपवली. त्या वेळी त्यांचे वय तीस होते. १९५५ साली ते पोलिस दलात उपनिरीक्षक झाले होते, म्हणून घरची चूल पेटत राहिली. तरीही दीर्घ सेवेनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०१७ साली तर त्यांच्या नावाने जाहीर झालेले कुस्ती केंद्र रखडले म्हणून त्यांच्या कुटुंबीयांवर पदक लिलावात काढण्याचा इशारा देण्याची पाळी आली. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. ऑलिंपिक पदक आणि सरकारी नोकरी हाती असलेल्या माणसाची ही कथा, तर जत्रेच्या मैदानांवर पोट भरणाऱ्या अनाम मल्लाची काय असेल?

त्याचा हिशेब मांडून पाहा. दूध, तूप, बदाम आणि मटण हा त्याचा खुराक, म्हणजे यंत्राला लागणारे इंधन. तो खर्च घर सोसते, कधी गुंठाभर जमीन विकून. मिळकत येते ती दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी संपणाऱ्या हंगामात, इनामांच्या रूपाने. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला की इनाम बंद, शस्त्रक्रियेचा खर्च सुरू आणि खुराकाचे कर्ज उभेच. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी झुंजणाऱ्या फुटबॉलपटूची गत फारशी निराळी नाही. गोल झाला की सारी पेठ त्याची असते. पाय मोडला की तो फक्त त्याच्या आईचा असतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : कुस्ती ही साधना आहे, तिला मजुरीचे माप लावू नका, शिवाय धोका तर मल्लाने स्वखुशीने पत्करला आहे. हा युक्तिवाद जुना आहे. गिरणीच्या मालकांनीही कामगाराविषयी तो केला होता आणि कायद्याने तो फेटाळला. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेला तर मिळकतीची क्षमता ३० टक्के घटली, असा स्पष्ट हिशेब घातला. भरपाईचे ते तत्त्व २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. खाशाबा लंडनला खेळले त्याच १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला आणि आजारी कामगाराचा उपचारावर व बुडालेल्या मजुरीच्या काही भागावर हक्क मान्य झाला. मैदानाच्या तिकिटांवर, जाहिरातींवर आणि पुढाऱ्यांच्या फलकांवर ज्याच्या घामाचे मोल वसूल होते, तो मात्र साधक! साधना त्याची, वसुली इतरांची, हा कोठला न्याय?

सरकारी योजना नाहीत असे नाही. १९८२ साली खेळाडूंसाठी राष्ट्रीय कल्याण निधी स्थापन झाला. पण त्याचा मूळ हेतूच हलाखीत दिवस काढणाऱ्या नामवंत खेळाडूंना साहाय्य करण्याचा. म्हणजे आधी नाव मिळवा, मग कंगाल व्हा, मग अर्ज करा. १९९४ पासूनचे क्रीडा निवृत्तिवेतन आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांपुरते आहे. दोन्हींचा पाया दयेचा किंवा बक्षिसीचा आहे, हक्काचा नाही.

गुडघा मोडला म्हणजे सारे संपलेच, असेही नव्हे. २०१६ साली रिओमध्ये विनेश फोगटला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. शस्त्रक्रिया आणि दीर्घ उपचारांनंतर २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. उपचार शक्य आहेत. ते कोणाच्या वाट्याला येतात, हाच प्रश्न आहे.

राजर्षी शाहूंनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ साली खुले केले. त्यांचे ऋण कोल्हापूर विसरणार नाही. पण राजाश्रय राजासोबत जातो. लोकशाहीत त्याची जागा हक्काने घ्यायला हवी होती; ती घेतली साखर कारखान्यांच्या अध्यक्षांनी आणि निवडणुकीच्या उमेदवारांनी. आणि येथे दोष आपल्याही पदरात पडतो. आम्ही गिरणी कामगार, हमाल, शेतमजूर यांच्यासाठी मोर्चे काढले. तालमीच्या दारात मात्र पाऊल टाकले नाही. लाल मातीतला हा श्रमिक आम्हाला श्रमिक वाटलाच नाही.

मागण्या साध्या आहेत. तालुकावार मल्लांची व खेळाडूंची नोंदणी व्हावी. तिकीट वा जाहिरात घेणाऱ्या प्रत्येक मैदानातून आणि स्पर्धेतून ठरावीक हिस्सा दुखापत निधीत सक्तीने जमा व्हावा आणि तेवढीच भर शासनाने घालावी. जायबंदी झालेल्याला सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया, व्यायामोपचार आणि बुडालेल्या हंगामाचा निर्वाह हक्काने मिळावा. पदकाची अट नसावी. इनामाची रक्कम जाहीर करणाऱ्या प्रत्येक आयोजकाने त्याच फलकावर विम्याची रक्कमही लिहावी.

कार्यकर्त्यांनी या हंगामात निदान एवढे करावे : आपल्या गावचे मैदान झाल्यावर विजेत्याच्या मिरवणुकीत जरूर जावे, पण त्याआधी हरलेल्याच्या घरी जाऊन त्याच्या गुडघ्याची चौकशी करावी आणि त्याचे नाव वहीत लिहून घ्यावे. संघटनेची सुरुवात नेहमी अशाच नोंदीने होते.