शंभर वर्षं आणि एक पूर्णांक तीन सेकंद

कोपर्निकस मार्गावरच्या दूरदर्शन भवनासमोरून जाताना मला हमखास १९८२चं एशियाड आठवतं. रंगीत टीव्हीचं वेड आपल्याला लागलं ते तेव्हाच. त्या स्पर्धेत आपल्या पुरुषांनी वॉटर पोलोत कांस्य मिळवलं होतं. १९५१ला तर याच दिल्लीत सुवर्ण! (कुणाला आठवतंय म्हणा.) बायकांचा वॉटर पोलो एशियाडमध्ये यायला मात्र २०१० उजाडलं, आणि ऑलिंपिकमध्ये पुरुषांनंतर शंभर वर्षं गेली. परवा सिडनी २०००ची बायकांची ती अंतिम लढत पुन्हा पाहिली. ऑस्ट्रेलिया-अमेरिका ३-३, घड्याळात १.३ सेकंद उरलेले आणि इव्हेट हिगिन्सनं लांबून गोल ठोकला! काय खेळ आहे! पाय तळाला टेकवायचे नाहीत, गोलरक्षक सोडून बाकीच्यांनी चेंडू एकाच हाताने धरायचा आणि वर चेहरा साळसूद ठेवून पाण्याखाली पोशाख धरून ओढाओढ करायची. नळावरच्या भांडणाला पंच नेमल्यासारखं. क्रिकेटच्या शिळ्या मॅचचा रतीब थांबवून दूरदर्शननं बायकांचा वॉटर पोलो दाखवलाच पाहिजे, तोही पाण्याखालच्या कॅमेऱ्यासकट. पॅरिस ऑलिंपिकला स्पेननं ऑस्ट्रेलियाला ११-९ हरवलं, तेव्हा खरी मॅच पाण्याखालीच चालली होती.