आमच्या मुलींना कशाला ही लस?



गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा विषय स्वाध्यायानंतर निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "आमच्या मुली संस्कारी आहेत, त्यांना कशाला?" मला हे मुळीच पटत नाही. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो इतका सर्रास आहे की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी त्याचा संसर्ग होतो आणि कळतही नाही. मुलगी लग्न होऊन जाते तेव्हा स्वतःचा संयम तिच्या हातात असतो, नवऱ्याचा भूतकाळ नसतो. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो. काहींच्या शरीरात मात्र वर्षानुवर्षे ठाण मांडतो आणि तिथून कर्करोग सुरू होतो. भारतीय स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल हाच आढळतो.

अहिंसेचा प्रश्न मात्र रास्त आहे. या लशीत विषाणू नसतो, मेलेलासुद्धा नाही. असते ते त्याच्यासारखे प्रथिनाचे रिकामे टरफल, आत दाणा नसलेल्या शेंगेसारखे. शरीर त्यालाच शत्रू समजून प्रतिपिंडे तयार करते आणि काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. (बी.कॉम. झालेल्या मला हे खतावणीत नाव चढवण्यासारखे वाटते!) पुढे खरा विषाणू आला की तो पेशीत शिरण्याआधीच अडवला जातो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक लशीसाठी हे टरफल यीस्टच्या पेशींत बनवतात. यीस्टही जीवच, तेव्हा हिंसा शून्य असे मी म्हणणार नाही. पण श्रावकाला त्याग सांगितलाय तो संकल्पी हिंसेचा. संसारातली आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, ती कमीत कमी करायची. पाणी उकळताना आपण हाच विचार करतो ना?

आता वयाचे. झालेला संसर्ग ही लस बरा करत नाही, म्हणून ती आधी द्यायची. ९ ते १४ हे वय उत्तम, डोसही कमी लागतात. "लग्न ठरल्यावर बघू" म्हणणे म्हणजे उशीरच. आणि लस सगळ्या प्रकारांना पुरत नाही, त्यामुळे तिशीनंतरची तपासणी सुटत नाही. सुना लाजून ती टाळतात. सासूने सोबत जावे, मी जाते.