साठवण विजेची की पाण्याची?

शेतकऱ्यास साठवणीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पावसाळ्याचे पाणी भाटघरला अडवावे आणि नीरा डाव्या कालव्याने पाळीपाळीने बारामती-इंदापूरच्या शिवारात आणावे, ही रीत येथे शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. आज साठवणीचा तोच प्रश्न विजेच्या बाबतीत आपल्यापुढे उभा आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी, हा तिचा हेतू. ऐन मध्यरात्री विंचूकाट्यातून दारे धरावयास जाणाऱ्या माणसास त्याचे मोल ठाऊक आहे. परंतु सूर्य मावळला की ही वीज थांबते, आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात.

दुसरीही एक अडचण आहे. ऑइल इंजिनाचे जड चाक आपण पाहिलेले आहे. भार एकाएकी वाढला तरी त्या चाकामुळे वेग लगेच पडत नाही. औष्णिक व जलविद्युत् केंद्रांतील अवजड फिरती जनित्रे विजेच्या जाळ्यास असाच आधार देतात व सेकंदास ५० आवर्तनांची गती राखण्यास साह्य करतात. सौर तक्त्यांस असे चाक नाही. ही उणीव मोठी बॅटरी बरीचशी भरून काढू शकते. गती ढळताच ती सेकंदाच्या अंशात वीज सोडते किंवा ओढून घेते.

मग प्रत्येक पंपास बॅटरी जोडावी काय? माझे मत असे की, नाही. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट वीज लागते. तेवढी साठविणारी बॅटरी लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. शिवाय पिकास वीज नको, पाणी हवे. कालव्याची पाळी रात्री आली तर ते पाणी उताराने शेततळ्यात घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सौर विजेवर ठिबकने पिकास द्यावे. बॅटरी उपकेंद्रावर असावी. तिची वीज सायंकाळी घरांतील दिव्यांस, पिठाच्या गिरणीस व दूध शीतकरणास उपयोगी पडावी.

शेततळ्यांमुळे भूजल आटते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. बोअरचे पाणी उपसून तळे भरणे म्हणजे शेजाऱ्याची विहीर कोरडी करणे होय. म्हणून तळ्यात पावसाचे व कालव्याचेच पाणी घ्यावे. दिवसा वीज मिळते म्हणून उसास मोकाट पाणी देणे, हेही तितकेच घातक आहे.

जाळे स्थिर राखण्याचे काम केवळ अभियंत्यांचे नव्हे. ऑटो स्विचमुळे वीज येताच सारे पंप एकदम उठतात, दाब कोसळतो, रोहित्र जळते आणि डोळ्यांदेखत उभे पीक वाळते. यासाठी ऑटो स्विच काढावा, पंपास योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा, आणि एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी आपले पंप थोड्याथोड्या अंतराने सुरू करावेत.

कालव्याच्या पाळ्या आपण परस्पर समजुतीने पाळतो. विजेच्या पाळ्या पाळणे त्याहून कठीण नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बीपूर्वी प्रत्येक रोहित्रावरील शेतकऱ्यांची एक बैठक घ्यावी, एवढीच विनंती आहे.