‘अजून जवळ या’ म्हणण्याआधी

अंतरवाली सराटी हे नाव इंटरनेटवर टाकून बघा. उपोषणाचा मंडप दिसेल, 1 सप्टेंबर 2023 चा लाठीमार दिसेल, 14 ऑक्टोबरच्या सभेची गर्दी दिसेल. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंबड तालुक्यातल्या या गावात देशभरातले कॅमेरे येऊन गेले. ते बातमीसाठी आले होते, बातमी झाली की परत गेले. एरवी अशा गावांत कॅमेरा येतो तो साखरपुड्याला, लग्नाला, बारशाला. आणि तो बऱ्याचदा आपल्याच वयाच्या कुणाच्या तरी गळ्यात असतो. कॉलेज सांभाळून, सेकंडहँड बॉडी आणि 50 एमएमची लेन्स घेऊन लग्नाचा सीझन करणारी पोरं, आणि आता पोरीही. मला बोलायचंय ते त्यांच्याशी.

साखरपुड्याचे फोटो भारी यावेत म्हणून आपण आधी काय करतो? रील्स बघतो आणि पोझ पाठ करतो. कपाळाला कपाळ लावा, कमरेत हात घाला, डोळ्यांत बघा. मग हीच पोझ अशा दोघांना सांगतो, जे बघण्याच्या कार्यक्रमानंतर एकमेकांशी धड बोललेलेही नसतात. समोर आजी, मामा, सगळे सोयरे बसलेले. मुलगी अंग चोरते, मुलगा कसनुसा हसतो आणि आपण ओरडतो, ‘अजून जवळ या!’ रात्री फोटो बघताना दोष मात्र लेन्सला देतो. माझं मत स्पष्ट आहे. नवख्यांचे फोटो फसतात ते जास्त करून घाईमुळे. त्या दोघांना मोकळं व्हायला आपण वेळच देत नाही.

तंत्र शिकायचं नाही असं नाही. ते यायलाच पाहिजे. मंडपाचं कापड गुलाबी असेल तर चेहरेही गुलाबी येतात, म्हणून रॉमध्ये शूट करा आणि फ्लॅश त्या कापडावर आपटून घेऊ नका. एफ 1.8 वर एकाचा चेहरा शार्प येतो, दुसऱ्याचा धूसर. दोघं असतील तर एफ 4 च्या आसपास या. स्टेजवरच्या एलईडीमुळे फोटोत पट्टे येत असतील तर शटर 1/100 वर आणा, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. दुपारच्या उन्हात जोडप्याला उभं करू नका, ओसरीच्या किंवा झाडाच्या सावलीत घ्या. हे सगळं दोन-चार कार्यक्रमांत हाताला बसतं.

माणसं ओळखायला मात्र जास्त वेळ लागतो. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोहोचा. कॅमेरा बॅगेतच ठेवा. घरच्यांसोबत चहा घ्या, ओटी कोण भरणार, टिळा कोण लावणार, ते विचारून ठेवा. ज्या साखरेच्या पुड्यावरून या कार्यक्रमाला नाव पडलं, तो पुडा कित्येक अल्बममध्ये नसतोच. अंगठीचे मात्र वीस फोटो! कार्यक्रम आटोपला की दोघांना मोसंबीच्या बागेत नाहीतर कालव्याच्या कडेने थोडं चालू द्या. दहा मिनिटं नुसतं बोलू द्या, तुम्ही लांब थांबा. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन मिळालंय, मग भाड्याच्या सेटवरचा प्लास्टिकचा आयफेल टॉवर कशाला हवा? सूर्य उतरला की जो उजेड मिळतो, त्याचं बिलही येत नाही.

यावर कुणी म्हणेल, गिऱ्हाईकच तसल्या पोझ मागतं. मागू दे की. दोघांना हवंय तर बिनधास्त काढा. पण दोघांना हवंय का, हे विचारा. तेही मुलीला वेगळं, चारचौघांसमोर नाही. चारचौघांत तिचा होकार बऱ्याचदा दुसरंच कुणीतरी देऊन टाकतं. 2025 मध्ये काही ठिकाणी मराठा समाजाच्या बैठकांत लग्नाची आचारसंहिता ठरली, तेव्हा प्री-वेडिंग शूट नको असाही सूर निघाला. खर्चाची चिंता मला पटते. सरसकट नको म्हणणं पटत नाही. फोटो काढायचे की नाही, हे त्या दोघांनी ठरवावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोस्ट करण्याआधी थांबा. साखरपुडे मोडतात. मोडल्यावर मुलीच्या घरचे दुसरं स्थळ बघायला लागतात आणि आपल्या पेजवर तिचा आधीच्या मुलासोबतचा रील आपल्याच लोगोसकट फिरत असतो. आपल्याला चार लाइक मिळालेले असतात, तिला मात्र प्रत्येक पाहुण्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार वेगळा करार केला नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणाराच असतो. म्हणजे ‘माझं काम आहे, मी टाकणार’ हे चालत नाही. पण पैसे बहुतेक वेळा वडील देतात, त्यामुळे मुलीची परवानगी कायद्याच्या या कलमातही येत नाही. ती आपणच घ्यायची. बुकिंगच्या वेळी एका कागदावर दोन ओळी लिहा: फोटो टाकायचे का, आणि काढा म्हटलं तर किती दिवसांत काढणार. खाली दोघांच्याही सह्या घ्या.

गावाकडे काम तोंडी जाहिरातीवर मिळतं. ‘पोरगा फोटो चांगले काढतो’ यापेक्षा ‘पोरगा चांगलाय, आपल्या घरात बिनघोर येऊ द्या’ हे वाक्य जास्त बुकिंग आणतं. नवी लेन्स घ्यायला पैसे साठवा, जरूर साठवा. तोवर पुढच्या साखरपुड्याला अर्धा तास आधी जायला काहीच खर्च नाही.