आसनाचे मोल आणि गाडीची साक्ष

संग्राह्य स्पोर्ट्स कारच्या बाजारात इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी यांना चढी किंमत मिळते याचे कोणाला नवल वाटत नाही. नवल, आणि पुष्कळदा संताप, व्यक्त होतो तो गाडीच्या आतल्या सामानाच्या भावांविषयी. कारखान्यातून आलेली आसने, स्टिअरिंग, रेडिओ, पायाखालचे गालिचे, दार ओढून घ्यायचे पट्टे, इतकेच नव्हे तर हत्यारे गुंडाळून ठेवायची पिशवी, या वस्तू एकेकाळी गाडी मोडीत निघाली की तिच्याबरोबरच भंगारात जात. आज त्याच वस्तू स्वतंत्रपणे लिलावात येतात आणि साध्या नव्या गाडीच्या किमतीशी तुलना व्हावी इतक्या भावाने विकल्या जातात. त्यावर सर्वसाधारण अभिप्राय असा पडतो की ही धनिकांच्या हौसेला आलेली सूज आहे, तिच्यामागे सट्ट्याखेरीज काही नाही आणि फाटक्या कापडाला सोन्याचा भाव देणारा हा बाजार एक दिवस जमिनीवर येईल.

हा अभिप्राय चुकीचा आहे. मात्र त्याच्या विरुद्ध टोकाला उभे राहून भाववाढीचे गोडवे गाणाऱ्या व्यापाऱ्यांची बाजूही तितकीच लंगडी आहे. दोहोंच्या परीक्षणासाठी पोर्श ९११ चे उदाहरण सोयीचे पडते. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९०१ या नावाने आलेली आणि प्यूजो कंपनीच्या हरकतीमुळे ९११ झालेली ही गाडी १९९८ पर्यंत एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेवर थंड होणाऱ्या, इंजिनानिशी बनत राहिली. तिचे बाह्यरूप या काळात फारसे बदलले नाही; त्यामुळे एका वर्षाची गाडी दुसऱ्या वर्षाच्या गाडीपासून ओळखण्याचे काम बरेचसे तिच्या अंतर्भागावर येऊन पडते.

प्रथम सट्ट्याचा मुद्दा. सुट्या आसनाची किंमत आसनाच्या बाजारात ठरत नाही, ती गाडीच्या बाजारात ठरते. अर्थशास्त्रात अशा मागणीला व्युत्पन्न मागणी म्हणतात, म्हणजे एका वस्तूची मागणी दुसऱ्या वस्तूच्या मागणीतून उपजणे. समजा, सामान पूर्ण असलेल्या गाडीला अपुऱ्या गाडीपेक्षा वीस लाख रुपये अधिक मिळत आहेत आणि अपुऱ्या गाडीत फक्त मूळ आसनांची जोडी नाही, तर त्या जोडीचा भाव कापड, फोम आणि लोखंड यांच्या खर्चावरून निघत नाही. वीस लाखांच्या आत जितके पदरात पाडून घेता येईल तितके विक्रेता मागतो, आणि देणाऱ्यालाही ते परवडते. यात वेडेपणा कोठेच नाही. शिवाय पुरवठ्याची बाजू पाहिली तर टंचाई कोणी साठेबाजी करून निर्माण केलेली नाही, ती मालकांनीच आपल्या हातांनी घडवली आहे. कॅसेट आणि पुढे सीडी प्लेअर आले तेव्हा जुने ब्लाउपुंक्ट रेडिओ उपटून टाकण्यात आले, नव्या स्पीकरसाठी दारांची आवरणे आणि मागची फळी कापण्यात आली, मोठ्या स्टिअरिंगच्या जागी छोटी मोमो स्टिअरिंगे बसली. उन्हाने डॅशबोर्डचे व्हिनाइल तडकले, आसनांतला फोम भुगा होऊन खाली सांडला. त्या काळी ९११ ही वापरलेली गाडी होती, वारसा नव्हे, आणि वापरलेल्या गाडीचे जे होते तेच तिचे झाले.

सट्टा या क्षेत्रात कधी नव्हताच असे मात्र म्हणता येणार नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारीचे निधन झाल्यावर फेरारी गाड्यांचे भाव भडकले आणि १९९० नंतर ते कोसळले, हा इतिहास आहे. परंतु त्या लाटेत तेजी होती ती प्रामुख्याने गाडीच्या नावाची आणि रंगकामाच्या झगमगाटाची. गाडी पूर्ण उकलून, नवे चामडे चढवून, कारखान्यातून निघाली त्याहूनही चकचकीत करणे हा तेव्हाचा शिष्टाचार होता. आजची मागणी नेमकी उलट्या अभिरुचीतून आली आहे. २०२४ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या स्पर्धेत, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सौंदर्याचे परीक्षण करणाऱ्या सर्वांत प्रतिष्ठित मेळाव्यात, सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ या गाडीला मिळाला. पुनरुद्धार न झालेल्या, जतन-वर्गातल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. सुरकुतलेल्या चामड्याला परीक्षक मान देऊ लागले की बाजारही देतो. सट्टेबाज या बदलावर स्वार झाले असतील. बदल त्यांनी घडवलेला नाही.

मग जुन्या चामड्यात असे काय आहे? इंजिनावर क्रमांक कोरलेला असतो, चासीवर असतो, आणि ते कारखान्याच्या नोंदीशी जुळले की गाडीला मॅचिंग नंबर्सची, अर्थात जुळत्या क्रमांकांची, गाडी म्हणतात. पोर्शच्या जुन्या गाड्यांसाठी कार्डेक्स नावाचे कारखान्याचे नोंदकार्ड असे, त्यात क्रमांकांबरोबर रंग, आतले कापड आणि मागवलेले जादा सामान यांची नोंद होत असे. परंतु क्रमांक पुन्हा कोरता येतो, आणि तसे पुष्कळदा झालेले आहे. आसनाची गोष्ट वेगळी असते. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत चालक डाव्या दारातून आत-बाहेर करतो, म्हणून डाव्या आसनाची दाराकडची कड आधी झिजते आणि उजवे आसन तुलनेने ताजे राहते. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत अशी झीज डावीकडे दिसली तर ती जोडी कोठून तरी आणून बसवलेली आहे हे पारखी माणूस दारातूनच ओळखतो. शिवणीच्या घडीत ऊन पोहोचत नाही, तेथे कापडाचा पहिला रंग टिकून असतो. गालिचा उचलला की त्याच्या खालची बाजू आणि पत्र्यावर पडलेला त्याचा ठसा एकमेकांना दुजोरा देतात की नाही हे कळते. मीटरवरचे किलोमीटर मागे फिरवता येतात. चाळीस वर्षांची बसण्या-उठण्याची झीज तितक्या सहजी मागे नेता येत नाही. मूळ अंतर्भागाला जो भाव मिळतो तो या साक्षीचा भाव आहे, आणि साक्षीला मोल देणे यात गैर काही नाही.

हे तत्त्व किती ताणले जाऊ शकते याचे नामी उदाहरण म्हणजे ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली ९११ कॅरेरा आरएस २.७. शर्यतीच्या नियमांनुसार पाचशे गाड्या बनवणे पुरेसे होते, प्रत्यक्षात १,५८० बनल्या. त्यांपैकी १,३०८ टुरिंग म्हणजे सुखसोयींनी युक्त, तर सुमारे दोनशे स्पोर्ट म्हणजे वजन उतरवलेल्या होत्या. टुरिंगचे वजन १,०७५ किलो, स्पोर्टचे ९६०. हा फरक साधण्यासाठी स्पोर्टमधून मागची आसने गेली, घड्याळ गेले, हातपेटीचे झाकण गेले, दाराच्या मुठीच्या जागी पट्टा आला आणि पुढे पातळ रेकारो आसने बसली. घड्याळाच्या रिकाम्या भोकावर एक तबकडी बसवली गेली. ही तबकडी म्हणजे घड्याळ नसल्याची खूण, आणि त्या खुणेलाही आज गिऱ्हाईक आहे. टीकाकारांना हसण्यासाठी यापेक्षा चांगले निमित्त सापडणार नाही, पण ती तबकडी पहिल्यापासून त्याच गाडीत असेल तर गाडी कोणत्या जातीची याचा पुरावा होते, आणि नंतर आणून बसवली असेल तर फसवणुकीचे साधन होते. एकाच वस्तूचे हे दोन अर्थ बाजार एकाच भावात विकतो. खरा दोष येथे आहे, आणि सट्ट्यावर तुटून पडणाऱ्यांचे त्याकडे लक्षच गेलेले नाही.

आणखी एक मत अधिक आशावादी आहे. कारखानेच जुने सामान पुन्हा बनवू लागल्यावर टंचाई सरेल आणि भाव आपोआप उतरतील, असे त्याचे म्हणणे. पुनरुत्पादन होत आहे हे खरे. पोर्शच्या जुन्या गाड्यांसाठीच्या विभागाने, पोर्श क्लासिकने, पेपिटा हे काळ्या-पांढऱ्या चौकटींचे कापड आणि १९७० च्या दशकातले पाशा हे नजरेला चकवणारे नक्षीचे कापड पुन्हा उपलब्ध केले, जुन्या ९११ चे डॅशबोर्ड नव्याने काढले, २०२० मध्ये जुन्या खाचेत बसणारी आणि दिसायला जुनाट अशी नवी संगीत-दिशादर्शक यंत्रणा आणली. २०१८ मध्ये तर ९५९ या अवघ्या २९२ बनलेल्या गाडीच्या क्लचचा एक भाग त्रिमितीय छपाईने, म्हणजे धातूची पूड थरावर थर वितळवून, तयार करण्यात आला. एकेक नग काढायलाही आता साचा लागत नाही. पाशाचे कापड तर २०२५ च्या नव्या ९११ स्पिरिट ७० या मर्यादित आवृत्तीतही अवतरले. इतके सगळे होऊनही मूळ सामानाचा भाव उतरत नाही, कारण टंचाई आकाराची किंवा नक्षीची कधीच नव्हती. ज्याला गाडी चालवायची आहे तो नवे आसन घेऊन मोकळा होतो. उरलेला खरेदीदार साक्ष शोधत असतो आणि ती कोणत्याही कारखान्यात बनत नाही. पुनरुत्पादनाने दोन गिऱ्हाइके वेगळी केली, इतकेच. उलट हुबेहूब नवे कापड सहज मिळू लागल्यावर ते मुद्दाम मळवून जुने म्हणून खपवण्याची सोय झाली आणि खात्रीच्या जुन्याचा भाव आणखी वर गेला.

आता व्यापाऱ्यांचा पक्ष. भाव चढले म्हणून वस्तू वाचल्या, एरवी त्या उकिरड्यावर गेल्या असत्या, हा त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो आणि रेडिओच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे. परंतु रेडिओचेच प्रकरण थोडे उलगडले तर वेगळे दिसते. त्या काळी रेडिओ पुष्कळदा कारखान्यात बसतच नसे. गिऱ्हाईक पसंत करी तो विक्रेता आपल्या दुकानात बसवून देई. अशा गाडीच्या नोंदीत रेडिओचा उल्लेख नसतो, आणि तरीही आज ‘मूळ’ म्हणून एखादा ब्लाउपुंक्ट आणून तेथे बसवला जातो. मूळ म्हणजे त्या काळी, त्या बनावटीसाठी तयार झालेले, ही बाजाराची व्याख्या तर्कशास्त्राच्या भाषेत अतिव्याप्त आहे, म्हणजे जे कक्षेत यायला नको तेही ती आत घेते. न्यायवैशेषिक दर्शनात संयोग आणि समवाय असा भेद केलेला आहे: संयोग म्हणजे दोन स्वतंत्र वस्तूंचे जुळणे, जे तुटू शकते, समवाय म्हणजे तंतू आणि वस्त्र यांच्यासारखा अविभाज्य संबंध. दर्शनकारांच्या काटेकोर अर्थाने आसन आणि गाडी यांत संयोगच असतो. पण पहिल्या दिवसापासून एकत्र झिजलेल्या आसनाचे आणि गाडीचे नाते समवायाच्या जितके जवळ जाते तितके आयत्या आणलेल्या आसनाचे कधीच जात नाही. मूळपणा हा आसनाचा गुण नाही, त्या नात्याचा आहे. आसन गाडीतून उतरवून विकले की त्या क्षणी दोन्हीकडचा पुरावा जातो: जेथून उतरले ती गाडी मुकी होते आणि जेथे बसले त्या गाडीत ते खोटी साक्ष देते.

म्हणून भाववाढ वस्तूंना वाचवते हे विधान अर्धसत्य ठरते. चांगल्या अंतर्भागाची पण सामान्य जातीची गाडी आज अखंड विकण्यापेक्षा सुटी करून विकणे फायद्याचे होते, आणि सुटी करणाऱ्याला तिच्या इतिहासाशी देणेघेणे नसते. व्यापारी ज्याला जतन म्हणतात ते एका गाडीचे अंग तोडून दुसरीला लावणे आहे.

यावर तोड म्हणजे भावाला विरोध नव्हे, भावाची फोड. गाडीतून कधीच न निघालेले सामान, त्याच काळातले पण दुसऱ्या गाडीतले सामान आणि नव्याने बनवलेले सामान, या तीन गोष्टी विक्रीच्या वर्णनात तीन निरनिराळ्या नावांनी यायला हव्यात आणि दुसऱ्या प्रकाराबरोबर ते ज्या गाडीतून काढले तिचा चासी क्रमांक द्यायला हवा. ही कल्पना अवास्तव नाही. ऐतिहासिक वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये मान्य केलेल्या ट्युरिन सनदेत बदललेले भाग टिकाऊ खुणेने ओळखता यावेत असे म्हटलेलेच आहे; ती सनद वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर बेतलेली आहे, पण वास्तुविशारदांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळापूर्वी जे मान्य केले ते गाड्यांच्या विक्रेत्यांच्या गळी अजून उतरत नाही. भारतात २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली, तीही चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा या अटीवर. अंतर्भागाविषयी हे नियम काही म्हणत नाहीत, म्हणजे मुंबई-पुण्याच्या संग्राहकाने संपूर्ण आतले सामान बदलले तरी कायद्याच्या लेखी त्याची गाडी जशीच्या तशी असते.

या सूचनेवर एक आक्षेप घेतला जाईल की अशा खुणांमुळे दुसऱ्या गाडीतून काढलेल्या जुन्या सामानाचा भाव घसरेल. तो घसरेलच, आणि घसरायलाही हवा. दुसऱ्या गाडीतले जुने आसन आणि पोर्शने नव्याने काढलेले आसन या दोहोंनी बसणाऱ्याची सोय सारखीच होते आणि गाडीच्या इतिहासाविषयी दोन्ही सारखीच मूक असतात. त्यांच्या किमतीत आज जी तफावत आहे तिला व्यवहारात काही आधार उरत नाही. ती तफावत मिटली तर चालवणाऱ्याला स्वस्तात बसायला मिळेल आणि सामान काढण्यासाठी धडधाकट गाडी उकलण्यात कोणाला नफा राहणार नाही.