गाल फुगलेत, पण का?

हल्ली बालवाडीच्या भिंतीवर पिवळ्या गोल चेहऱ्यांचा तक्ता हमखास दिसतो. हसरा, रडका, रागावलेला. बाई बोट ठेवतात आणि पोरं एका सुरात ‘हॅपी’, ‘सॅड’, ‘अँग्री’ म्हणून मोकळी होतात. आया खूश! मला मात्र वाटतं, यात मुलांना तीन इंग्रजी शब्द आले, बाकी काय? घरी तेच पोर जमिनीवर लोळण घेतं, कारण आपल्याला नेमकं काय होतंय हे त्याला सांगताच येत नाही. आपण म्हणतो रागावलंय. खरं तर त्याचा हिरमोड झालेला असतो.

मराठीत केवढे शब्द आहेत बघा. रुसणं वेगळं, चिडणं वेगळं. हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, भेदरणं, हेवा वाटणं. मुलांशी बोलताना आपण यातले वापरतो किती? मुलगा असेल तर ‘मुलीसारखा काय रडतोस’ आणि मुलगी असेल तर ‘फिदीफिदी हसू नकोस’. तिसऱ्या वर्षीच एकाचं रडणं बंद, दुसरीचं हसणं बंद. पुढे हाच मुलगा कुणाचा तरी नवरा होतो आणि त्याच्या मनात काय चाललंय ते ताट आपटल्यावरच कळतं!

यावर बाजारातलं महागडं खेळणं नको. पोळ्या करताना कणकेचा एक गोळा पोराला थापायला द्या. बोटाने दोन खळगे केले की डोळे झाले. वाटीची कड अर्धवट टेकवली की तोंड. एका बाजूने टेकवली तर हसरं, उलट टेकवली तर रडकं. (डाळ-दाणे नकोत, लहान मुलं नाकात घालतात.) खरी गंमत भुवयांची. कणकेच्या दोन वळ्या तिरक्या लावा, वर सरकवा, तोच चेहरा रागीट होतो, नाहीतर चकित. मग सहज विचारायचं, ‘याला काय झालं असेल गं?’ उत्तर येतं, ‘याचा डबा दुसऱ्याने खाल्ला.’ डबा कुणाचा, ते तुम्हाला कळेलच. लगेच चौकशी मात्र सुरू करू नका. ‘मग त्याला कसं वाटलं?’ एवढंच विचारा.

पाठ करून ‘ये इकडे’ हे तीन तऱ्हेने म्हणा आणि कुठलं लाडाचं, कुठलं रागाचं ते ओळखायला लावा. भातुकली चालू असेल तर नुसतं ऐका. बाहुलीला बसणारा ओरडा शब्दन्‌शब्द आपलाच असतो!

चेहरा बघून मन कळतंच असंही नाही. काही मुलं घाबरली की हसतात आणि ‘वर हसतोस काय’ म्हणून दुसरा फटका खातात. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आजवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलं, की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. म्हणूनच तक्ता पुरत नाही, विचारावं लागतं.

आपला चेहरा मात्र मुलं सारखी वाचत असतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईने मध्येच काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. अवघ्या काही महिन्यांची ती बाळं आधी हसून, हात हलवून आईला बोलवायची आणि मग तोंड फिरवायची, रडायची. मोबाइलमध्ये मान घालून ‘हं, हं’ करणारा आपला चेहरा त्यांना कसा दिसत असेल?

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं तुम्ही म्हणाल. पण पोळ्या तर करायच्याच असतात ना! अवघड आहे ते वेगळंच. मूल विचारतं, ‘आई, तू रडतेस?’ आणि आपण डोळे पुसत म्हणतो, ‘छे, कांदा चिरतेय.’ कांदा तर समोर नसतोच. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की आईवर, असा पेच त्या जिवाला पडतो. त्यापेक्षा ‘हो, मला वाईट वाटलंय, पण तुझ्यामुळे नाही’ असं सांगावं. चारचौघांत बोलायची सोय नसेल तर रात्री थोपटताना कानात सांगा.